मामा, हा माणूस नाही

[दृश्य: गिरणाकाठचं गाव, रात्र. गच्च्यांवर टाकलेली अंथरुणं. एका कोपऱ्यात मोबाइलचा निळसर उजेड.]

मे महिन्यात खान्देशात घरात झोप लागत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात, म्हणून सगळं गाव गच्चीवर येतं. भडगाव तालुक्यातलं हे माझ्या बहिणीचं गाव. मागच्या उन्हाळ्यात याच गच्चीवर माझा अकरावीतला भाचा मोबाइलवर खेळत होता आणि मी शेजारी पडून चांदण्या बघत होतो. मध्येच तो म्हणाला, "मामा, हा माणूस नाही."

मी उठून बसलो. त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. हातात बंदूक घेतलेला एक गडी घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा एका झाडाभोवती फिरत होता. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तीन डावांपासून बघून राहिलो. दर वेळी डावीकडूनच वळसा घालतो. माणूस असता तर एकदा तरी उजवीकडून गेला असता."

त्या एका वाक्यामुळे ही फिल्म करायला घेतली.

[दृश्य: सकाळ. कपाशीचं रिकामं वावर. हाकेच्या अंतरावर मोबाइलचा टॉवर.]

बॉट म्हणजे माणसाच्या जागी बसून खेळणारा प्रोग्रॅम. सगळेच बॉट चोर नसतात, हे आधी सांगायला हवं. काही खेळ बनवणारी कंपनीच सोडते. पबजीच्या संगणकावरच्या खेळात कंपनीने २०२० मध्ये जाहीर सांगून असे बॉट आणले, नवख्या खेळाडूला पहिल्याच डावात मार खाऊन पळून जावंसं वाटू नये म्हणून. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर बॉटच्या नावापुढे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. समोर यंत्र आहे हे माहीत असूनही लोक आवडीने त्याच्याशी खेळतात. त्यात कुणाची फसवणूक नाही.

फसवणूक होते ती यंत्र माणसाचं नाव लावून बसतं तेव्हा. असं खातं रात्रंदिवस खेळातलं सोनं गोळा करतं आणि त्याचा मालक ते खऱ्या पैशाला विकतो. कुठे खात्याची पातळी फुगवून खातंच विकलं जातं. कुठे नेम लावायचं कामही प्रोग्रॅमच करतो. समोरच्या पोराला मात्र वाटत राहतं की आपणच कमी पडलो.

माझ्या भाच्याला दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो. शाळा, वावरातलं काम आणि अभ्यास उरकून जो तास उरतो, त्यात त्याला हे खेळायचं असतं. तो तास कुणाच्या यंत्राने खाल्ला की मला राग येतो. खेळ आहे, सोडून दे, असं मी त्याला सांगू शकत नाही. आमच्या लहानपणी विटीदांडूत कुणी रडीचा डाव खेळला तर आम्ही डाव थांबवून भांडायचो. या पोराने कुणाशी भांडायचं?

[दृश्य: जुन्या ऑनलाइन खेळाची चित्रं. बाजूने अक्षरं सरकतात: २००४.]

हे भांडण जुनंच आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरात आला. खेळाडू झोपलेला असताना त्याच्या नावाने खेळणारा ग्लायडर नावाचा बॉट पाठोपाठ बाजारात आला आणि त्याचे सुमारे १ लाख २० हजार परवाने विकले गेले. खेळाची कंपनी ब्लिझार्ड आणि ग्लायडर बनवणारी कंपनी यांच्यातलं भांडण कोर्टात गेलं. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये दिलेल्या निकालात एक आकडा आहे आणि माझी नजर त्याच्यावरच थांबली. ब्लिझार्डच्या म्हणण्यानुसार डिसेंबर २००४ ते मार्च २००८ या काळात बॉटविषयी खेळाडूंच्या ४ लाख ६५ हजार तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या काही हजारांत ग्लायडरचं नाव होतं. तक्रारींना उत्तरं देण्यावरच कंपनीचे वर्षाला ९ लाख ४० हजार डॉलर खर्च होत होते.

कुणीतरी रात्री डाव संपल्यावर वैतागून दोन ओळी लिहिल्या असतील. आपलं कोण ऐकतंय, असंही त्याला वाटलं असेल. त्याच ओळी पुढे निकालपत्रात मोजल्या गेल्या. खेळातल्या पहारेकरी प्रोग्रॅमला चकवून आत शिरणारा बॉट विकणं हे कायद्याविरुद्ध आहे, असं त्या कोर्टाने ठरवलं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचे आलेख. एक वेडावाकडा, एक सरळसोट.]

आता भाच्याच्या झाडाकडे परत येऊ. तो जे डोळ्यांनी बघत होता, तेच कंपन्यांचे संगणक आकड्यांत बघतात. माणसाचं बोट दर वेळी सारख्या वेगाने पडत नाही. कधी पाव सेकंद लागतो, कधी त्याहून जास्त. डास चावला की आणखी वेळ जातो. माणूस थकतो, रस्ता चुकतो, चहाला उठतो. बॉटच्या दोन क्लिकमधलं अंतर मात्र मापून ठेवल्यासारखं येतं. बनवणारे हुशार असतात, मुद्दाम थोडी गडबड घालतात. पण हजारो डावांचा हिशोब मांडला की त्या गडबडीचाही एक ठरावीक साचा हाती लागतो.

दुसरी खूण व्यवहाराची. शंभर खाती रात्रभर राबतात आणि सकाळी सगळ्यांचं सोनं एकाच खात्यात पोचतं. दहा गावांच्या गाड्या एकाच जिनिंगच्या फाटकाशी उभ्या राहिल्या की माल कुणाचा ते कळतं, तसंच.

बिबट्यासाठी वनखातं पिंजरा लावतं, तसा पिंजराही लावता येतो. डोटा २ या खेळात वाल्व कंपनीने खेळाच्या आत अशी माहिती ठेवली, जी साध्या खेळाडूच्या हाताला कधी लागणारच नाही. ती फक्त चोरून डोकावणाऱ्या प्रोग्रॅमने वाचली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी ४० हजारांहून जास्त खाती एकदम बंद झाली. हे बॉट नव्हते, फसवून खेळणारी माणसं होती. पण शोधण्याची रीत तीच.

एकदम बंद करण्यामागे कारण असतं. तुम्ही आज तक्रार केली आणि ते खातं उद्याही खेळताना दिसलं, तर तक्रार वाया गेली असं समजू नका. खातं लगेच काढलं तर बनवणाऱ्याला कळतं की आपली कोणती चाल पकडली गेली, आणि तो तेवढीच बदलतो. म्हणून नावं साठवतात आणि लाटेने काढतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मे २०१५ ला अशाच एका लाटेत १ लाखाहून अधिक खाती सहा महिन्यांसाठी बंद केली गेली.

[दृश्य: ओसरी. दाजी पत्र्याची पेटी उघडतात. आत बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या, पावत्या.]

तक्रार कशी करायची हे मी कंपन्यांच्या पानांवर वाचलं होतं. नीट समजलं ते दाजींकडून, म्हणजे भाच्याच्या वडिलांकडून.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या वावरात कपाशी उगवलीच नाही. शेजारच्या वावरातही तेच. दोघांनी एकाच दुकानातून बियाणं आणलं होतं आणि दोघेही कृषी कार्यालयात गेले. तिथे विचारलं गेलं, पावती आहे? पिशवी आहे? पिशवीवरचा टॅग, लॉट नंबर? पिशवीतलं थोडं बी शिल्लक ठेवलंय? दाजींकडे सगळं होतं. तक्रार निवारण समिती वावरात आली, पंचनामा झाला. शेजाऱ्याचं नुकसान तेवढंच होतं, पण त्याने पिशवी बांधावर फेकली होती.

[दाजींचा आवाज]
"मन कितीबी जळो, कागदावर लॉट नंबर लागतो. बियाणं बोगस होतं म्हणून बोंब मारली तर कुणी येत नाही. कोणती पिशवी, कोणत्या तारखेला पेरली, किती पाऊस झाल्यावर पेरली, किती झाडं उगवली, ते सांगावं लागतं."

भाचा उंबऱ्यावर बसून ऐकत होता. त्या दिवसापासून त्याच्या वहीची मागची पानं भरायला लागली. तारीख, वेळ, डावाचा क्रमांक, खात्याचं नाव जसंच्या तसं, आणि काय दिसलं ते. "बॉट वाटतो" असं तो लिहीत नाही. तो लिहितो: "तीन डावांत त्याच जागी उतरला, डावीकडून वळला, गोळी लागली तरी थांबला नाही, चार वेळा लिहूनही उत्तर नाही." स्क्रीनचं छोटं रेकॉर्डिंग करून ठेवतो. मग खेळातच त्या खात्याच्या नावावर दाबून तक्रारीचा रकाना उघडतो, बरोबर प्रकार निवडतो आणि एकदाच पाठवतो. मित्रांना गोळा करून वीस जणांकडून एकच तक्रार टाकायला तो तयार नसतो. मित्र त्याच्यावर रागावतात.

त्याला कारण आहे. त्याने मला ते बऱ्याच उशिरा सांगितलं.

[दृश्य: गाव अंधारात. फक्त टॉवरवरचा लाल दिवा.]

एकदा ऐन डावात लाइट गेली. लाइट गेली की थोड्या वेळाने इथलं नेटवर्क एका काडीवर येतं. त्याचा गडी भिंतीला तोंड लावून पळत राहिला. संघातले अनोळखी तिघे माइकवर ओरडत होते. याला बोलता येत नव्हतं, कारण बाजूला आजी झोपली होती. लिहिलेलं पोचत नव्हतं. डाव संपल्यावर तिघांनीही त्याला बॉट म्हणून कळवलं आणि त्याचं खातं काही दिवस बंद झालं.

"मामा, मी माणूस आहे हे मला लिहून द्यावं लागलं," तो म्हणाला. सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. त्याने दाद मागितली, वेळ आणि नेटवर्कची अडचण लिहिली, आणि काही दिवसांनी खातं परत मिळालं.

मला ही गोष्ट फार लागली. शहरात चांगल्या नेटवर्कवर बसलेल्या खेळाडूला गावातलं पोर यंत्रासारखं दिसू शकतं. अडखळणारं, गप्प राहणारं, भिंतीला धडकणारं. नवखा खेळाडूही तसाच दिसतो. एका हाताने खेळणारा, वेगळं उपकरण वापरणारा अपंग खेळाडूही तसा दिसू शकतो. गप्प राहणं हा पुरावा नव्हे. न थकता, न चुकता तेच ते करत राहणं, ही खरी खूण.

आणि आपला अंदाज किती चुकतो याचा आकडाही आहे. वाल्वच्याच काउंटर-स्ट्राइक या खेळात २०१३ पासून अनुभवी खेळाडूंना संशयिताचा डाव दाखवून निवाडा करायला सांगत. संशयिताचं नाव झाकलेलं असे, म्हणजे राग-लोभ आड येऊ नये. पुढे त्या निवाड्यांवर शिकवलेलं यंत्र मदतीला आलं. नेम लावणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल खेळाडूंनी केलेल्या तक्रारींपैकी १०० मागे १५ ते ३० खऱ्या ठरत होत्या, असं कंपनीच्या माणसाने २०१८ मध्ये जाहीर व्याख्यानात सांगितलं. यंत्राने निवडलेल्या प्रकरणांत हेच प्रमाण ८० ते ९५ होतं. पण यंत्राला शिकवलं कुणी? वेळ काढून डाव शेवटपर्यंत बघणाऱ्या माणसांनी.

तक्रारीचं हत्यार बॉटच्या हातीही जाऊ शकतं. टीम फोर्ट्रेस २ या खेळात हे उघड दिसलं. बॉटचे जथे खेळात शिरायचे, माणसांचीच नावं लावायचे आणि मतदान घेऊन खऱ्या खेळाडूला बाहेर काढायचे. कंपनीने हे बॉट हटवावेत म्हणून खेळाडूंनी मे २०२२ मध्ये एकदा आणि जून २०२४ मध्ये पुन्हा जाहीर मोहीम केली. दुसऱ्या वेळी ३ लाखांहून जास्त सह्या जमल्या. तेव्हा कुठे बॉट ठळकपणे कमी झाले. २००७ मधला जुना खेळ, पण त्याच्यासाठी एवढी माणसं उभी राहिली.

एक गोष्ट घाईने सांगतो, कारण त्यात आपल्या भागातल्या पोरांचे पैसे जातात. एखादं खातं खेळातल्या गप्पांमध्ये खेळात वापरायच्या फुकट हिऱ्यांची लिंक टाकत असेल, तर तिच्यावर दाबू नका. पासवर्ड, ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच, तर खेळातल्या तक्रारीवर थांबू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

[दृश्य: पुन्हा गच्ची. संध्याकाळ. खालून भाकरी थापल्याचा आवाज.]

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी भाचा एका अनोळखी साथीदाराबरोबर खेळत होता. दोन डाव झाले, तो साथीदार अवाक्षर बोलला नव्हता. वहीत त्याचं नाव लिहून झालं होतं. पुढे प्रश्नचिन्ह होतं. तक्रारीच्या रकान्यापर्यंत बोट एकदा गेलं आणि परत आलं.

"अजून एक डाव बघतो," भाचा म्हणाला.

खालून बहिणीने त्याला हाक मारली, "भाऊ, जेवाले ये! ताट वाढेल शे!"

त्याने गडी एका भिंतीच्या आडोशाला उभा केला आणि भराभर लिहिलं, "जेवून येतो." मोबाइल अंथरुणावर ठेवून तो जिना उतरला. कॅमेरा चालूच होता.

स्क्रीनवर दोन गडी शेजारी शेजारी उभे. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग खाली एक ओळ उमटली.

"काय आहे जेवायला?"