पंचनाम्याच्या पुढे

नागपुरात ग. त्र्यं. माडखोलकर १९४४ पासून ‘तरुण भारत’चं संपादकपद सांभाळत होते आणि कादंबऱ्याही लिहीत होते. शेतकरी आत्महत्येवर कादंबरी लिहू पाहणाऱ्या विदर्भातल्या तालुक्याच्या वार्ताहराची गत निराळी. मानधन तुटपुंजं, जाहिरातींवर कमिशन, बरेचदा पेपरची एजन्सीही त्याच्याकडेच. मोबाइल येण्याआधी बातमीचं पाकीट तो एसटीनं अमरावतीला, नागपूरला धाडायचा. जागा दीडशे-दोनशे शब्दांची. नाव, गाव, कर्ज, पंचनामा. की बातमी संपली.

कादंबरी तिथून पुढं लागते, आणि तिचा ऐवज त्याच्या हाताखालून रोज जात असतो.

शेतकरी आत्महत्येच्या मदतीची फाइल घ्या. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, थकीत कर्जाचा दाखला; सगळं गोळा होऊन ती तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जाते. २००६ च्या निर्णयानं मदत एक लाख ठरली : ३० हजारांचा धनादेश, ७० हजार ठेवीत. पण शेती दुसऱ्याची, मक्त्यानं केलेली असेल, कर्ज बिनपरवाना सावकाराचं असेल, तर कागदावर काहीच दिसत नाही आणि शेरा पडतो, ‘अपात्र’. बातमीत तो एक शब्द. कादंबरीत त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या तहसीलच्या चकरा, प्रत्येक चकरेला बुडालेली मजुरी, सावकाराचं दारात येऊन बसणं आणि हिश्शाबद्दल दिराचं हळूच निघालेलं बोलणं. बातमीदाराचा हात इथंच अडतो. सवयीनं तो सगळं पहिल्याच पानावर सांगून टाकतो, आणि पुढं आकडेवारी बोलू लागते, माणसं गप्प होतात.

हंगामाचा क्रम मात्र त्यानं चोख सांभाळावा. बँकेचा तगादा मार्चअखेर, बियाण्याची उधारी मृगाआधी, सीतादहीची पूजा कापसाच्या पहिल्या वेच्याला. यात चूक झाली, तर कास्तकार वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ अशा वऱ्हाडी बोलीतल्या शब्दांची यादी मुद्रितशोधकाला आधीच द्यावी. नाहीतर अर्धे शब्द प्रमाण भाषेत जातात, अर्धे तसेच राहतात, आणि एकच बाई दोन तऱ्हेनं बोलते.

सर्वांत अवघड काम ओळख लपवण्याचं. हजार-बाराशे वस्तीच्या गावात नाव बदलून भागत नाही. विहीर, लेकरांची संख्या, मृत्यूचा महिना यांवरून घर कळतं. दोन-तीन घरांचे तपशील एकमेकांत मिसळावे लागतात. आणि ज्या घरानं आपली फाइल उघडून दाखवली, त्यांना कादंबरीतली ती प्रकरणं छपाईआधी वाचून दाखवावीत. त्यांनी नको म्हटलेला मजकूर काढावा, तो कितीही चांगला उतरला असला तरी.