गाणं कुणाच्या नावावर?

मंडळी, अमेरिकेत एएम किंवा एफएम रेडिओवर गाणं वाजलं, की त्याचे पैसे मिळतात गीतकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला. गायिकेला त्यातून काही मिळत नाही, रेकॉर्ड कंपनीलाही नाही. हा नियम आजही तसाच आहे. कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, तर १९२० च्या दशकापासून रेडिओच्याच जिवावर वाढलं. तेव्हा त्या संगीतातल्या बाईच्या कारकिर्दीचा विचार करताना पहिला प्रश्न तिच्या आवाजाचा नसतो. गाणं कुणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न.

कंट्री गायिकांच्या गोष्टी आपण नेहमी एकाच ठशात ऐकतो. डोंगरातलं गरीब घर, पाठची भावंडं, हातात आलेली गिटार, मग कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल आणि कीर्ती. यातलं खोटं काहीच नाही. पण कोण टिकली, कोण थांबली आणि का, हे त्यातून कळत नाही. ते कागदपत्रांतून कळतं, आणि आज मी त्या कागदांबद्दल बोलणार आहे.

गाण्याचे हक्क दोन. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा; तो सांभाळते प्रकाशन कंपनी, म्हणून तो प्रकाशनहक्क. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. आपल्याकडे जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं पुष्कळदा असतं. गाण्यातही तेच चालतं, आणि अगदी सुरुवातीपासून चालत आलं आहे.

१९२७ सालच्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला. या पीअरने व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीशी केलेला करार मोठा चतुर होता. पगार नको, त्याऐवजी गाण्यांचे प्रकाशनहक्क माझ्याकडे राहू द्या. त्याच्यासमोर कार्टर कुटुंब गायलं: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि सोबत मेबेल. मुख्य आवाज साराचा. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी ताल धरायचा, ही गिटारची पद्धत मेबेलची. पुढे त्या पद्धतीवर कितीतरी वादक पोसले गेले. ए. पी. डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करत हिंडायचा, ती बसवायचा, आणि कागदावर बहुतेक ठिकाणी नाव लागलं ते त्याचं. त्याचे कष्ट मी नाकारत नाही. पण त्या संगीताचा आवाज आणि हात दोन बायकांचे होते, आणि कागदाला ते दिसले नाहीत.

पंचवीस वर्षांनी, १९५२ मध्ये, किटी वेल्सचं एक गाणं आलं. बाई वाया जाते त्याला पुरुषही जबाबदार असतो, असं ते ठणकावून सांगत होतं. काही ठिकाणी त्यावर बंदी आली, तरीही ते बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिलं आलं. एकट्या गायिकेला तिथे मिळालेला तो पहिला मान. ते गाणं लिहिलं होतं जे. डी. मिलर या पुरुषाने. किटीने स्वतःच सांगितलंय, की रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळतील म्हणून ती ते गायला तयार झाली. बाईने दिलेलं उत्तर म्हणून ज्याचा गौरव होतो, तेही बाईच्या नावावर नव्हतं!

त्याच सुमारास टेक्सासची सिंडी वॉकर उलट्या दिशेने चालली होती. १९४० च्या आसपास आईवडिलांबरोबर लॉस एंजेलिसला गेलेली ही तरुण मुलगी सरळ नामवंत गायक बिंग क्रॉस्बीच्या कचेरीत शिरली, आपलं गाणं ऐकवलं आणि क्रॉस्बीने ते गायलंही. पुढे तिने स्वतः गाणं जवळजवळ सोडलं आणि नुसतं लिहीत राहिली. पियानोवर सोबतीला आई. 'यू डोन्ट नो मी' तिचं, एडी आर्नल्डच्या कल्पनेवरून लिहिलेलं. मंचाविना बाईची कारकीर्द होऊ शकते, हे तिने दाखवून दिलं.

आता लोरेटा लिन. केंटकीतल्या बुचर हॉलरमध्ये १९३२ साली जन्मलेली, खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्यामागे देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात गेली, विशीतच चार मुलं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली आणि ती स्वतःच शिकली. १९६० साली स्वतः लिहिलेलं पहिलं गाणं एका छोट्या कंपनीने काढलं, तेव्हा हे जोडपं रेकॉर्डचे गठ्ठे गाडीत टाकून गावोगावच्या रेडिओ स्टेशनांची दारं ठोठावत निघालं. गाणं राष्ट्रीय यादीत चौदावं आलं. जाहिरात नाही, ओळख नाही, आणि चौदावं!

नॅशव्हिलला तिला आधार दिला विल्बर्न बंधू या गायकांनी. त्यांनी डेक्का या रेकॉर्ड कंपनीचं दार उघडून दिलं, आपल्या टीव्ही कार्यक्रमात तिला आणलं. हे उपकार मोठे होते आणि लोरेटाने ते कधी नाकारले नाहीत. पण त्याच वेळी तिच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यांच्या शुअर-फायर या कंपनीकडे गेले, आणि तो करार आयुष्यभराचा होता.

आणि लिहीत काय होती ही बाई! दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला तंबी देणारं गाणं तिने बहिणीबरोबर लिहिलं. १९६७ मध्ये ते तिचं पहिलं अव्वल गाणं ठरलं. नवऱ्यामागे लागलेल्या बाईला ठोशांची धमकी देणारं 'फिस्ट सिटी' १९६८ चं. १९७० चं 'कोल मायनर्स डॉटर' इतकं लांब होतं, की निर्माता ओवेन ब्रॅडलीने त्यातली अनेक कडवी काढायला लावली. या गाण्यांत बाईची बाजू मांडायला कुणी वकील आणलेला नाही. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई स्वतः बोलते. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला, तोही बाईला पहिल्यांदाच.

नेमक्या त्याच काळात लेखणी थंडावली. विल्बर्न बंधूंपासून ती वेगळी झाली, कज्जे सुरू झाले आणि वर्षानुवर्षं चालले. तिच्या जुन्या गाण्यांचे हक्क त्यांच्याचकडे राहिले. नवीन लिहिलं तरी तेही त्याच कराराखाली जाणार, म्हणून तिने लिहिणं कमी केलं, हे तिने स्वतः सांगितलंय. संततिनियमनाच्या गोळीवरचं १९७५ चं 'द पिल' तिच्या नावाने गाजलं, अनेक स्टेशनांनी ते वाजवायचं नाकारलं, तरी ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण मुळात ते इतरांनी रचलेलं गाणं होतं. मला फार वाईट वाटतं ते इथे. प्रतिभा आटली नव्हती, कराराने ती अडवून धरली होती. त्याचा पुरावा २००४ चा. वयाच्या बहात्तराव्या वर्षी रॉक संगीतकार जॅक व्हाइटबरोबर केलेला 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम, जवळजवळ सगळी गाणी तिचीच, आणि त्याला ग्रॅमी. मधल्या तीस वर्षांत या बाईने काय काय लिहिलं असतं, याचा हिशेब कोण देणार?

डॉली पार्टन तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. टेनेसीच्या डोंगरातलं बारा भावंडांचं घर. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला फी म्हणून मक्याच्या पिठाची गोणी दिली होती. वडिलांना लिहितावाचता येत नव्हतं. १९६४ मध्ये शाळेचा निरोप समारंभ झाला आणि दुसऱ्या दिवशी ती नॅशव्हिलच्या बसमध्ये होती. तिचं शहाणपण असं, की मामा बिल ओवेन्सबरोबर तिने लवकरच स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. आपलं गाणं आपल्याच घरात राहील, याची तजवीज कीर्तीच्या आधी झाली होती.

१९७४ मध्ये 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडून जाताना त्याला निरोप म्हणून तिने ते लिहिलेलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली आनंदाने वेडी झाली. मग एल्विसचा व्यवस्थापक कर्नल पार्कर म्हणाला, आमची पद्धत आहे, निम्मे प्रकाशनहक्क द्यावे लागतील. डॉली नाही म्हणाली. रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. एल्विसला नकार देणं म्हणजे काय, हे त्या काळच्या नॅशव्हिलमध्ये उभं राहूनच समजेल. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, चौदा आठवडे ते अमेरिकेत पहिलं होतं, आणि त्याचे निम्मे हक्क दुसऱ्या कुणाकडे नव्हते. वॅगनरने तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावला होता, तो तडजोडीने मिटला; असे धक्के पेलण्याची ताकदही मुख्यतः लेखणीनेच दिली, असं माझं मत आहे.

पण म्हणून सगळं सुटलं असं समजू नका. नाव तुमचं असलं, तरी गाणं वाजायला हवं. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे सांगितलं, की कंट्री स्टेशनांनी बायकांची गाणी पाठोपाठ लावू नयेत. पुरुष हे सॅलडमधली पानं, बायका म्हणजे टोमॅटो, थोडेसेच हवेत. अनेक गायिका भडकल्या, आणि त्यांना भडकण्याचा पूर्ण हक्क होता, कारण त्या माणसाने चालू व्यवहारच मोठ्याने बोलून दाखवला होता. केसी मसग्रेव्हजचा 'गोल्डन अवर' अल्बम रेडिओने जवळजवळ बाजूला ठेवला, तरी २०१९ मध्ये ग्रॅमीत तो वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. ब्रँडी क्लार्कसारखी गुणी बाई स्वतःच्या आवाजात रेडिओला फारशी नको असते, पण तिने इतरांबरोबर लिहिलेलं गाणं मिरांडा लँबर्टने गायलं की चालतं.

टेलर स्विफ्टचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. तिच्या जुन्या अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये विकले गेले. २०२१ पासून त्यातले चार अल्बम तिने पुन्हा गाऊन काढले. हे जमलं, कारण चौदाव्या वर्षीच नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून करार केलेल्या या मुलीकडे रचनेचा हक्क होता. चित्रपटात, जाहिरातीत गाणं वापरायचं तर तिची संमती लागणारच.

शेवटी ज्यांना कागदापर्यंत पोहोचूच दिलं नाही, त्यांच्याबद्दल. १९९४ मध्ये ॲलिस रँडलने मट्रेसा बर्गबरोबर लिहिलेलं गाणं ट्रिशा यरवूडने गायलं आणि ते पहिलं आलं. कंट्रीतल्या अव्वल गाण्यावर सहगीतकार म्हणून कृष्णवर्णीय बाईचं नाव लागलं. एकटीचं नाव लागायला २०२३ उजाडलं. ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं 'फास्ट कार' ल्यूक कॉम्ब्सने गायलं, कंट्री रेडिओवर ते पहिलं आलं, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. चॅपमन नॅशव्हिलची नव्हे, ते गाणं कंट्री म्हणून लिहिलेलंही नव्हतं. पस्तीस वर्षांनी एका गोऱ्या पुरुषाच्या आवाजातून ते आत आलं. आतच राहून लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय गीतकार बायकांना आज कोणती प्रकाशन कंपनी करार देते, आणि तो कोणत्या अटींवर, हे मी यापुढे शोधणार आहे. तुमच्यापैकी कुणी त्या क्षेत्रात काम करत असेल, तर कार्यक्रमानंतर जरूर भेटा.