पाहुण्याला माहिती कोणी दिली?

परदेशी माणूस आपल्या भ्रष्टाचाराबद्दल बोलला की आपल्यात लगेच दोन पंथ पडतात. एक म्हणतो, ‘याला काय कळतंय?’ दुसरा म्हणतो, ‘बघा, साहेबसुद्धा म्हणाला!’ मला या दोन्हींचा कंटाळा आलाय. पाहुणा कुठला, यापेक्षा तो कोणाजवळ बसला होता आणि त्याला माहिती कोणी दिली, हे विचारलं तर जास्त हाती लागतं.

पॉल ॲपलबींचं उदाहरण घ्या. रूझवेल्टच्या राजवटीत अमेरिकेच्या कृषी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, पुढे सिरॅक्यूज विद्यापीठातल्या मॅक्सवेल स्कूलचे डीन झाले. फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेचे सल्लागार म्हणून ते दिल्लीत आले आणि १९५३ साली त्यांनी अहवाल दिला: कारभारात भारत जगातल्या पहिल्या डझनभर देशांत बसतो. सरकारला हे गोड वाटलं, यात नवल नाही. त्यांच्या सूचनेवरून १९५४ मध्ये दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशनही निघाली. पण त्याआधी, १९५१ मध्येच, ए. डी. गोरवाला यांनी नियोजन आयोगाला याच विषयावर अहवाल दिला होता. गोरवाला मुंबई प्रांतातले आयसीएस (इंग्रजी अमदानीतले सनदी अधिकारी), म्हणजे आपलेच. मंत्र्यांच्या सचोटीचा प्रश्न त्यांनी आडपडदा न ठेवता काढला होता. तो अहवाल कपाटात गेला आणि ॲपलबींचं प्रशस्तिपत्र भिंतीवर लागलं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

ॲपलबींचा दुसरा अहवाल १९५६ चा, सरकारी उद्योगांच्या कारभारावरचा. त्यात ते लेखापरीक्षणावरच घसरले. लेखापरीक्षकाला चांगल्या प्रशासनातलं फारसं कळत नाही, संसद त्याला नको तेवढं महत्त्व देते, त्याच्या धाकानं अधिकारी निर्णय टाळतात, असा त्यांचा रोख. यातलं शेवटचं खोटं नाही. ऑडिटचा शेरा नको म्हणून फाइल या टेबलावरून त्या टेबलावर कशी फिरते, ते इथं बसलेल्या निवृत्त मंडळींना मी सांगायला नको. पण हे गाऱ्हाणं कोणाचं? सचिवांचं. पाहुणा सचिवांबरोबर बसला होता.

आणि पुढच्याच वर्षी मुंध्रा प्रकरण झालं. नव्यानं राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. डिसेंबर १९५७ मध्ये काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत ते उघड्यावर आणलं. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत जाहीर चौकशी केली. ती ऐकायला इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. अधिकाऱ्यांना मोकळीक द्या म्हणणाऱ्या पाहुण्याकडे, त्या मोकळिकीत वरून फोन आला तर काय करायचं, याचं उत्तर नव्हतं.

गुन्नार मिर्दाल हे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नी आल्वा इथं स्वीडनच्या राजदूत होत्या. १९६८ च्या गुन्नार यांच्या तीन खंडी ग्रंथातली एकच गोष्ट सांगतो. ‘सगळेच खातात’ ही चर्चाच भ्रष्टाचाराला खतपाणी घालते, असं ते म्हणाले. सगळेच खात असतील तर मी एकट्यानं उपाशी का राहायचं? चहाच्या टपरीवर हे रोज ऐकू येतं.

मला खरा महत्त्वाचा वाटतो तो रॉबर्ट वेड. हा संशोधक दक्षिण भारतातले कालवे बघायला आला होता, भ्रष्टाचार शोधायला नव्हे. कनिष्ठ अभियंते, ठेकेदार, शेतकरी यांच्यात तो वावरला. ते त्याच्याशी बोलले, कारण त्यांची बदली याच्या हातात नव्हती. १९८२ साली त्याचा लेख आला. राज्याचं नाव त्यानं दिलं नाही, हिशेब मात्र दिला. कालव्याच्या कामाच्या प्रत्येक ठेक्यावर साडेआठ टक्के: अडीच कार्यकारी अभियंत्याला, एक कारकून आणि आरेखकांना, उरलेले पाच खालच्या दोघा अभियंत्यांत. वर शेतकऱ्याकडून पाण्यासाठी वेगळे. पाणी येईल की नाही याची खात्री नसली की शेतकरी जास्त मोजतो, म्हणून ती खात्री न देण्यातच फायदा.

हा पैसा जातो कुठं? बदलीत. चांगल्या जागेसाठी वार्षिक पगाराच्या कितीतरी पट मोजायचे, दोनेक वर्षांत वसूल करायचे, आणि मोजलेले पैसे मंत्र्यांपर्यंत चढायचे. म्हणजे एखादा अभियंता लोभी आहे की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. पैसे न देणारा आडजागी जातो, त्याच्या खुर्चीत देणारा येतो. नीतिमत्तेची शिबिरं भरवून इथं काही होत नाही. दुखणं बदलीच्या आदेशात आहे, आणि ते दिल्लीत बसून दिसलं नसतं.

आपल्या राज्यात २००५ चा बदल्यांचा कायदा झाला. वेडचा त्याच्याशी संबंध नाही, अण्णा हजारे यांनी त्यासाठी लकडा लावला होता. एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. चांगला कायदा आहे. त्याच्या कलम चारमध्ये मात्र एक अपवाद ठेवलाय: विशेष कारणं लेखी नोंदवून, वरच्या अधिकाऱ्याची आधी मान्यता घेऊन मुदतीआधीही बदली करता येते. प्रशासकीय न्यायाधिकरणात, ज्याला आपण मॅट म्हणतो तिथं, बदलीचे खटले पुन्हा पुन्हा याच अपवादापाशी येतात. एखादा निकाल मिळवून वाचा. नोंदवलेलं कारण बहुधा दोन ओळींचं असतं: ‘प्रशासकीय निकड’.