मी तिएरा: न आठवणाऱ्या बेटाची गाणी

[दृश्य: जुनी चित्रफीत. 1950 च्या दशकातला हवानाचा किनारा, लाटा, मोटारी.]

गायिका ग्लोरिया एस्तेफानने क्यूबा सोडला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. त्या वयातलं कुणाला काय आठवणार? घर कसं होतं, गल्ली कशी होती, हे सगळं तिला आईकडून आणि आजीकडून कळलं. आणि तरीही 1993 साली, इंग्रजी गाण्यांनी जगभर नाव झालेलं असताना, तिने बारा गाण्यांचा एक अल्बम काढला. सगळा स्पॅनिशमध्ये आणि सगळा क्यूबाच्या जुन्या ढंगात. नाव 'मी तिएरा', म्हणजे माझी माती.

त्या अल्बमची ही गोष्ट. ती ग्लोरियाची आहेच, पण तिच्यामागे वाजवायला बसलेल्या माणसांचीही आहे. माझ्या मते तर त्यांची थोडी जास्तच.

[दृश्य: विमानातून उतरणारी कुटुंबं, हातात एकेक पेटी.]

1 जानेवारी 1959. क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला आणि फिदेल कास्त्रोची क्रांती जिंकली. ग्लोरियाचे वडील होसे मानुएल फाहार्दो बातिस्ताच्या लष्करातले. कुटुंबाला थारा उरला नाही. ते अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मियामीला आले. एप्रिल 1961 मध्ये वडील पुन्हा क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरले, या वेळी बंदूक घेऊन. अमेरिकेच्या पाठबळावर झालेली ही 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम तीन दिवसांत फसली. फाहार्दो पकडले गेले आणि 1962 च्या डिसेंबरपर्यंत क्यूबाच्या तुरुंगात राहिले. सुटल्यावर अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि व्हिएतनामला गेले.

व्हिएतनामला असताना बापलेकीचा पत्रव्यवहार टेपवर चालायचा. लहानगी ग्लोरिया गिटार घेऊन गाणी भरून पाठवायची. वडील परत आले ते आजार घेऊनच. मल्टिपल स्क्लेरोसिसने हळूहळू त्यांचं सगळं शरीर निकामी केलं. आई दिवसभर शिक्षिकेच्या नोकरीवर. त्यामुळे वडिलांची शुश्रूषा आणि धाकट्या बहिणीचा सांभाळ, दोन्ही या शाळकरी मुलीकडे आलं. रडण्याऐवजी मी खोलीचं दार लावून तासन् तास गात बसायचे, असं तिने पुढे सांगितलं आहे. 1980 साली वडील गेले.

हे सांगायचं कारण म्हणजे 'मी तिएरा'मधली ओढ ही नुसती गोड हुरहूर नाही. या घराने त्या बेटाची किंमत मोजलेली होती.

[दृश्य: मियामी, काये ओचो. खिडकीतून कॉफी देणारं दुकान. बागेत डॉमिनो खेळणारे म्हातारे.]

मियामीच्या आठव्या रस्त्याला तिथले लोक 'काये ओचो' म्हणतात. आजूबाजूची वस्ती म्हणजे लिटल हवाना. सुरुवातीला आलेल्या लोकांना वाटत होतं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, कास्त्रो पडेल आणि आपण घरी जाऊ. महिन्यांची वर्षं झाली. 1965 ते 1973 या काळात विमानांनी आणखी सुमारे 3 लाख लोक आले. 1980 मध्ये मारिएल बंदरातून होड्या भरभरून सव्वा लाख. क्यूबाचं टोक फ्लोरिडाच्या की वेस्टपासून फक्त 90 मैलांवर, म्हणजे साधारण 145 किलोमीटरवर. पुण्याहून निघालेला माणूस मुंबईला पोचतो, तेवढंच अंतर. पण ते ओलांडता येत नव्हतं.

अशा गावात लग्नं जोरात होतात. आजोबांना बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत हवं असतं, नातवाला डिस्को. दोघांनाही नाचवू शकणारा बँड पोटापाण्याला लागतो. सान्तियागो दे कुबाहून आलेला एमिलियो एस्तेफान असाच एक बँड चालवत होता, 'मियामी लॅटिन बॉइज'. 1975 साली एका लग्नात ग्लोरिया त्या बँडबरोबर गायली आणि मग बँडचीच झाली. बँडचं नाव बदलून 'मियामी साउंड मशीन' झालं. 1978 मध्ये ग्लोरिया आणि एमिलियोने लग्न केलं. 1985 मध्ये 'काँगा' हे त्यांचं गाणं आलं आणि अमेरिकेतल्या प्रत्येक नाचाच्या जागी वाजायला लागलं.

मग 20 मार्च 1990. पेनसिल्व्हेनियात बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर थांबलेल्या त्यांच्या बसला मागून ट्रकने धडक दिली. ग्लोरियाच्या पाठीचा कणा मोडला. टायटॅनियमच्या दोन सळ्या बसवाव्या लागल्या. पुन्हा चालता येईल की नाही, अशी अवस्था होती. पण वर्षभराच्या आत ती रंगमंचावर उभी होती.

आता पुढचा अल्बम कसला करायचा, हा प्रश्न होता. बाजाराच्या हिशेबाने उत्तर सोपं होतं, आणखी इंग्रजी पॉप. तिने दुसरंच ठरवलं.

[दृश्य: मियामीतला क्रेसेंट मून स्टुडिओ. दोन लाकडी काठ्या, जवळून.]

इथे क्षणभर थांबू. कारण या अल्बममधलं बहुतेक सगळं या दोन काठ्यांवर उभं आहे. यांना म्हणतात क्लावे. वीतभर लांबीचे कठीण लाकडाचे दोन गोल दांडे. एक मुठीच्या पोकळीवर सैल ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो, आणि दुसऱ्याने त्यावर मारायचं.

सोळा मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर ठोका, मग चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर. पाचच ठोके. पहिल्या आठ मात्रांत तीन, पुढच्या आठ मात्रांत दोन. पहिले तीन ओढ लावतात, पुढचे दोन सावरून घेतात. गाणं संपेपर्यंत हे चक्र मोडत नाही. क्लावे वाजवणारा थांबला तरी चालतं, कारण पियानो, बाँगो, तुताऱ्या, गायिकेची ओळ, सगळे मनात तोच हिशेब धरून असतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या लयीतून हा हिशेब क्यूबात रुजला. एखादा वादक या चक्राच्या आडवा गेला तर क्यूबन माणसाला ते लगेच कानात टोचतं.

[संगीत: फक्त कॉन्ट्राबास.]

आता हा बास ऐका, उभा धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य. आपल्या कानाला समेवर वजन लागतं. इथे बास समेवर वाजतच नाही. चार ठोक्यांपैकी दुसरा झाल्यावर, तिसऱ्याच्या अलीकडे एक सूर. मग थेट चौथ्यावर दुसरा, आणि तोच सूर लांबत समेवरून पुढे जातो. पहिला ठोका रिकामा. त्या रिकाम्या जागेत नाचणाऱ्याचा पाय पडतो.

हा बास वाजवणाऱ्यांचं नाव इस्राएल लोपेस. सगळं जग त्यांना 'काचाओ' म्हणतं. जन्म हवाना, 1918. बारा-तेरा वर्षांचे असताना हवानाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात बास वाजवायला लागले, तेव्हा उंची पुरेना म्हणून पेटीवर उभे राहत. थोरला भाऊ ओरेस्तेसबरोबर त्यांनी शेकडो दान्सोन रचले. दान्सोन म्हणजे बासरी-व्हायोलिनवरचा क्यूबाचा घरंदाज, संथ नाच. 1930 च्या दशकाच्या शेवटी या दोघा भावांनी दान्सोनच्या शेवटच्या भागात आफ्रिकी लय मोकळी सोडली. पुढे जगभर गाजलेल्या माम्बो या नाचसंगीताचं बीज ते. 1957 साली रात्रीची कामं आटोपल्यावर वादकांना जमवून त्यांनी 'देस्कार्गा' ध्वनिमुद्रित केल्या, आधी काही न ठरवता, एकमेकांना ऐकत वाजवलेलं संगीत. 1962 मध्ये काचाओंनी देश सोडला. ओरेस्तेस हवानातच राहिले आणि 1991 मध्ये तिथेच वारले.

आणि मियामीत या माणसाचं काय झालं? लग्नात वाजवा, मेजवान्यांत वाजवा, छोट्या क्लबांत वाजवा. माम्बोच्या मुळाशी असलेला वादक कोपऱ्यात उभा राहून वाजवत होता आणि समोर लोक जेवत होते. हे वाचताना मला आजही त्रास होतो. 1992 साली अभिनेता अँडी गार्सिया, तोही हवानात जन्मलेला, याने मियामीत काचाओंच्या सन्मानार्थ मोठी मैफल केली. आणि त्याच सुमाराला एमिलियो आणि ग्लोरियाने त्यांना स्टुडिओत बोलावलं. काचाओ तेव्हा पंचाहत्तरीला आले होते.

[दृश्य: वादकांची छायाचित्रं, एकामागून एक.]

त्यांच्याबरोबर कोण होतं ते पाहा. आर्तुरो सांदोवाल, ट्रम्पेट. 1990 मध्ये परदेश दौऱ्यावर असताना त्याने अमेरिकेकडे आश्रय मागितला होता, म्हणजे देश सोडून त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. पाकितो दे रिवेरा, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. तो 1981 मध्येच स्पेनमध्ये दौरा सोडून निघाला होता. हे दोघे पूर्वी हवानाच्या 'ईराकेरे' या बँडमध्ये शेजारी बसून वाजवायचे. गिटारला आणि गाण्यांच्या बांधणीला हुआनितो मार्केस, जुन्या पिढीचे जाणकार. तिंबालेसवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या ढोलांच्या जोडीवर, न्यूयॉर्कचा तितो पुएन्ते, पोर्तो रिकन आईवडिलांचा मुलगा, पण ज्याने क्यूबाचा ताल आयुष्यभर वाजवला. बासरीवर नेस्तोर तोरेस. आणि तंतुवाद्यांसाठी थेट लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा.

वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या वाटांनी बेटाबाहेर पडलेली माणसं एका खोलीत आली होती. हवानात हे आता शक्य नव्हतं. मियामीत झालं.

यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही बारा गाणी जुनी नाहीत. लोकप्रिय जुनी गाणी निवडून नव्याने गायली असती तर काम सोपं झालं असतं आणि अल्बम खपलाही असता. ग्लोरिया आणि एमिलियोने गाणी नवी लिहवून घेतली, काही स्वतः लिहिली. घाट मात्र जुना, 1940 च्या दशकातल्या हवानाचा. बोलेरो, सोन हा क्यूबाचा लोकप्रिय नाचगाण्याचा प्रकार, दान्सोन, शेवटी ढोलांचा कल्लोळ. दोन वर्षांची असताना निघालेल्या मुलीला 1940 चा काळ आठवणं शक्यच नाही. ती आईची, आजीची आठवण गात होती. म्हणूनच ज्यांच्या हातात ती आठवण प्रत्यक्ष होती, ते वादक तिला शेजारी हवे होते.

शीर्षकगीत तर एस्तेफानो या कोलंबियन गीतकाराने लिहिलं. दूर गेल्यावर माती जिव्हारी सलते, असा त्याचा आशय. क्यूबाबाहेरच्या माणसाला ते लिहिता आलं, कारण गाव सुटण्याचं दुःख एकट्या क्यूबाचं नव्हतं. सोनच्या चालीत ते सुरू होतं, हळूहळू तापत जातं, आणि मग मोंतुनो येतो, म्हणजे कोरसने एकच ओळ धरायची आणि गायिकेने त्यावर खेळायचं. कीर्तनात, भजनात टाळकऱ्यांनी धरलेल्या ध्रुपदावर बुवा पुढे जातात, तसंच.

बोलेरोंमध्ये ग्लोरियाचा आवाज सगळ्यात खुलतो. ती जोर लावत नाही. शब्द जवळ घेऊन गाते. 'कॉन लोस आन्योस के मे केदान', म्हणजे उरलेल्या वर्षांत मी तुला माझं प्रेम पटवून देईन, हे गाणं ऐकताना पाठीच्या त्या अपघाताची आठवण येतेच. एक-दोन ठिकाणी व्हायोलिनचा थर जाड झाला आहे. तिथे कमी वाद्यांनी काम झालं असतं असं मला वाटतं. पण काचाओंचा बास खालून आला की तक्रार करायला जागा उरत नाही.

आपल्याकडच्या कानांना यातले काही आवाज ओळखीचे वाटतील. बाँगो, काँगा, माराकास ही वाद्यं मुंबईच्या चित्रपटसंगीतात 1950 च्या आसपासच आली. गोव्याहून आलेले वादक हॉटेलांच्या बँडमध्ये लॅटिन नाचगाणी वाजवत, आणि तेच दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला बसत. आपण बालपणापासून ऐकलेल्या कितीतरी ठेक्यांचं एक माहेर क्यूबा आहे.

[दृश्य: अल्बमचं मुखपृष्ठ, मग दुकानांतल्या रांगा.]

22 जून 1993 ला अल्बम आला. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने त्याच जुलैत लॅटिन अल्बमची नवी क्रमवारी सुरू केली आणि तिचा पहिलावहिला क्रमांक एक 'मी तिएरा'च होता. एकूण 58 आठवडे तो तिथे राहिला. स्पेनमध्ये तो अफाट खपला. 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. 1996 मध्ये हवानात ध्वनिमुद्रित झालेल्या 'ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब'ने जगाला क्यूबाचे म्हातारे वादक दाखवले, आणि ते फार सुंदर काम आहे. पण समुद्राच्या अलीकडच्या म्हाताऱ्यांना आधी कुणीतरी बोलावलं होतं, हे त्या कौतुकात मागे पडलं.

खुद्द क्यूबात काय झालं? सरकारी रेडिओवर ग्लोरियाची गाणी वर्षानुवर्षं लागत नसत. 1994 मध्ये हजारो माणसं टायर आणि फळ्या बांधून केलेल्या तराफ्यांवरून निघाली. अमेरिकेने त्यांना समुद्रातच अडवून ग्वांतानामोच्या नाविक तळावर ठेवलं. तो तळ अमेरिकेच्या ताब्यात, पण जमीन क्यूबाची. 1995 मध्ये ग्लोरिया तिथे जाऊन त्या छावणीतल्या लोकांसमोर गायली. प्रेक्षक असे, की ज्यांना मागेही जायचं नव्हतं आणि पुढेही जाता येत नव्हतं.

[संगीत: पुन्हा बास, या वेळी पूर्ण वाद्यवृंदासह.]

आणि काचाओ? 1994 मध्ये एमिलियोच्या क्रेसेंट मून कंपनीने त्यांचा स्वतःचा अल्बम काढला, 'मास्टर सेशन्स'. निर्माता अँडी गार्सिया. दान्सोन, देस्कार्गा, सगळं त्यांच्या मनासारखं, मुखपृष्ठावर त्यांचं स्वतःचं नाव. 1995 मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. काचाओ तेव्हा 76 वर्षांचे होते. त्यानंतर लग्नांत वाजवायची गरज त्यांना राहिली नाही. जगभरच्या सभागृहांतून बोलावणी येत राहिली आणि पुढची दहा-बारा वर्षं ते वाजवत राहिले.