जँगोचं खानदेशी संकेतस्थळ, बांधण्याआधी

(दृश्य: जळगावातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. फळ्यावर चौकटी, बाण, खोडलेली शीर्षकं.)

संकेतस्थळं बांधायचं साधन असलेलं जँगो घडलं ते अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत. बातम्यांची पानं डेडलाइनच्या आत उभी करायची होती. त्या गरजेतून एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं हे फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, रचलं. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आता जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ते शिकणाऱ्यांसाठी मराठी संकेतस्थळ करायचं म्हटलं, की पहिला मोह होतो सगळं डॉक्युमेंटेशन मराठीत आणण्याचा.

हा मोह आवरलेला बरा. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते, आणि काही जुन्या गोष्टी मोडीत निघतात. लॉगआउटचंच घ्या. पूर्वी साध्या लिंकवर क्लिक केलं की काम व्हायचं. डिसेंबर २०२३ च्या ५.० आवृत्तीपासून तयार लॉगआउट व्ह्यूला (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडला) पोस्ट विनंतीच लागते, म्हणजे फॉर्मचं बटण दाबून पाठवलेली. लिंक दिली तर ४०५ ची, म्हणजे ‘ही पद्धत चालत नाही’ अशी चूक येते. जुना धडा बघून कोड उतरवणारा विद्यार्थी तासभर स्वतःचं टायपिंग तपासत बसतो. चूक धड्यात असते.

म्हणून फळ्यावर पानांची नावं लिहिण्याआधी एक नियम लिहायचा: प्रत्येक पानावर तीन गोष्टी ठळक हव्यात. हे पान कोणत्या आवृत्तीसाठी आहे, शेवटचं कधी चालवून पाहिलं, आणि जबाबदार कोण. ज्या पानाला वाली नाही, ते पान घ्यायचंच नाही. आवृत्ती निवडताना दीर्घ मुदतीचा आधार असलेली धरावी. एप्रिल २०२५ ची ५.२ घेतली, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळतात.

(दृश्य: जुन्या संगणकाचा पडदा. काळ्या खिडकीत पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची, आज्ञा.)

इन्स्टॉलेशनचं पान मात्र सर्वांत जास्त वेळ देऊन लिहावं, कारण निम्मे लोक तिथेच गळतात. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही, आणि जँगो ५.२ ला किमान ३.१० लागतं. अशा मशीनवर पिप कुरकुर करत नाही. झेपेल ती जुनी ४.२ आवृत्ती गुपचूप बसवतं. वाचणारा ५.२ चं पान वाचतो, मशीनवर ४.२ चालतं. त्यामुळे पानाची पहिली पायरी पायथनची आवृत्ती तपासणं, आणि शेवटची पायरी बसलेल्या जँगोची. मध्ये पॉवरशेलचा, म्हणजे विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीचा, खोडा: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) चालू करणारी स्क्रिप्ट ते बऱ्याचदा अडवतं. तो संदेश आणि त्यावरचा उपाय त्याच पानावर हवा, वेगळ्या ‘अडचणी’ विभागात नको. अडकलेला माणूस विभाग शोधत फिरत नाही.

बाकी पानं थोडकी पुरतात: पहिला प्रकल्प, नेहमीच्या चुका, कार्यशाळांचं वेळापत्रक, योगदान कसं करावं. सुरुवातीला डझनभरापेक्षा जास्त नकोत.

एवढ्याशा पानांना स्थिर फाइली पुरल्या असत्या, डेटाबेसही लागला नसता. तरी जँगोचं संकेतस्थळ जँगोतच करावं, कारण शिकणारे त्याचा कोड उघडून वाचतील. जँगोचं अधिकृत संकेतस्थळही जँगोतच आहे आणि त्याचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुला आहे. डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, एकाच फाइलीत मावणारा, भरपूर झाला.

(दृश्य: पत्त्याच्या पट्टीत तुटकी मराठी अक्षरं.)

देवनागरीचा पहिला फटका इथे बसतो. शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवणारं जँगोचं स्लगिफाय फंक्शन मूळ रूपात मराठी अक्षरं सरसकट टाकून देतं. उरतो रिकामा पत्ता. युनिकोडची, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या लिप्यांची, मुभा दिली तर आणखी गंमत होते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हं पायथनच्या हिशेबी अक्षरं नाहीत, म्हणून ती गळतात. ‘धुळे’चं होतं ‘धळ’, ‘नंदुरबार’चं ‘नदरबर’. पत्ता रोमन लिपीत हातानेच लिहावा.

शोधाची गत तशीच. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात, काही साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. मजकूर साठवताना एकच रूप करून घ्यावं, आणि शोधायला आलेल्या शब्दालाही तीच चाळणी लावावी. शिवाय ‘डेटाबेसमध्ये’, ‘डेटाबेसचा’ यांत प्रत्यय चिकटलेले, म्हणून सुरुवातीची अक्षरं जुळवणारा शोध ठेवावा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण संगणकाने दाखवलेला चुकीबद्दलचा संदेश शोधाच्या चौकटीत इंग्रजीतच चिकटवतात. तो मूळ रूपात पानावर असला पाहिजे.

मांडणीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. टाइम झोन पहिल्या दिवशीच कोलकात्याचा करावा. नव्या प्रकल्पात तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो. तसाच राहिला तर सकाळी ११ ची कार्यशाळा फोनच्या कॅलेंडरमध्ये दुपारी साडेचारला दिसेल.

अहिराणीचा मुद्दा निघतोच, निघायलाही हवा. पण अहिराणीचा ‘एएचआर’ हा संकेत जँगोच्या भाषांच्या यादीत नाही. भाषेची माहिती स्वतः नोंदवावी लागते, भाषांतराच्या फाइली स्वतः सांभाळाव्या लागतात. सुरुवातीला बटणं, मेनू मराठीत आणि समजावून सांगणारे छोटे व्हिडिओ अहिराणीत, एवढं झेपण्यासारखं आहे.

जँगो हे नाव जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ट्रेडमार्क आहे. संकेतस्थळ अधिकृत आहे असा भास नावातून किंवा बोधचिन्हातून होऊ नये.

राहता राहिली मालकी. डोमेन नेहमी उत्साही शेवटच्या वर्षाच्या पोराच्या नावावर घेतलं जातं. निकाल लागतो, तो पुण्याला नोकरीला जातो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या कॉलेजच्या बंद पडलेल्या मेलवर येत राहते. डोमेन, होस्टिंग आणि गिटहब, तिन्हींवर किमान दोघांचा ताबा हवा, त्यातला एक गाव न सोडणारा. डेटाबेसची प्रत दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती परत उघडते का, हे कार्यशाळेच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी पाहावं.