कळलावी : ओळख आणि लागवड

नमस्कार, श्रोतेहो. गौरी-गणपतीच्या सुमारास कुंपणांतून आणि गवताळ उतारांवरच्या झुडपांतून ज्वाळेसारखी फुलं डोकावतात, ती कळलावीची. कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग. वेल दरवर्षी वाळून जाते, कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो.

फूल नसतानाही ती ओळखता येते. पानाला देठ नसतो आणि पानाचं टोक निमुळतं होत आकड्यासारखं वळतं. त्याच आकड्यानं ती शेजारच्या काडीला धरून चढते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. उमलताना हिरवट पिवळ्या, मग शेंदरी, शेवटी लालभडक. मधला स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वाकून फुलाबाहेर आडवा निघतो. ही खूण दुसरीकडे सहसा दिसत नाही.

आता महत्त्वाचं. या वेलीत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. शिजवल्यानंही ते जात नाही. रानकंद समजून कुणी खाल्लं, तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. घरगुती उपाय करत बसू नका, कंदाचा तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. लहान मुलं किंवा गुरं जिथं पोहोचतात, तिथं ही वेल लावूच नका.

लावायची तर रानातला कंद उपटू नका, रोपवाटिकेतून आणा. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळका असतो आणि डोळा असतो टोकाला. टोक मोडलं की कोंब येत नाही, म्हणून कंद हातमोजे घालून आणि अलगद हाताळा. मेअखेरीस १२ इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत भरा. कंद आडवा ठेवून वर दोन इंच माती घाला. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच द्या. कंद कुजतो तो बहुधा इथंच.

आधाराला जाड बांबू नको, पानाचा आकडा त्याला धरू शकत नाही. बारीक काटक्या किंवा तारेची जाळी लावा, तीही कोंब वीतभर होण्याआधी. शेंडा फार ठिसूळ असतो, नंतर खुडबूड केली की मोडतो आणि त्या वर्षीची फुलं गेलीच. पानं कुरतडलेली दिसली तर काळ्या, ठिपकेदार अळ्या शोधा. चिमट्यानं वेचल्या तरी पुरे. बियांपासूनही वेल येते, पण फुलायला तीन-चार वर्षं लागतात.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. वेल मेली म्हणून कुंडी रिकामी करू नका. आत नवा कंद तयार झालेला असतो. कुंडी वळचणीला कोरड्या जागी आडवी करून ठेवा आणि थेट पुढच्या मेअखेरीस उभी करा.