वॉशिंग्टन आडनावाचे वारस

अमेरिकेच्या राजधानीला, एका अख्ख्या राज्याला आणि असंख्य शाळा-रस्त्यांना दिले गेलेले हे नाव मुळात इंग्लंडच्या ईशान्येकडील, तेव्हाच्या डरहम परगण्यातील एका खेड्याचे आहे. डरहमचे बिशप ह्यू द प्युझे यांनी ११८३ मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद करवली. ‘बोल्डन बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दप्तरात विल्यम द हर्टबर्न या जमीनदाराची नोंद सापडते : हर्टबर्न गाव बिशपना देऊन त्याबदल्यात त्याने वॉशिंग्टन घेतले, चार पौंड सारा कबूल केला आणि बिशपांच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्र्यांसह हजर राहण्याचे बंधन पत्करले. गाव बदलताच नावही बदलले आणि विल्यम ‘द वेसिंग्टन’ झाला. आपल्याकडील आडनावांतल्या ‘कर’ची आठवण व्हावी अशी ही रीत असली, तरी आपल्याकडे बहुधा गाव सुटल्यावर ‘कर’ चिकटतो. विल्यमने मात्र नव्या गावाचे नाव मालकीहक्काने लावले.

पुढे घराण्याच्या शाखा पसरल्या. लोकरीच्या व्यापारात पैसा मिळवलेला आणि नॉर्थम्प्टनचा महापौर राहिलेला लॉरेन्स वॉशिंग्टन याने १५३९ मध्ये, आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा, सलग्रेव्हची जहागीर ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स देऊन विकत घेतली. तेथील वाड्याच्या देवडीवर कोरलेले घराण्याचे चिन्ह, म्हणजे दोन आडवे पट्टे आणि त्यांच्यावर तीन तारे, आज अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर दिसते. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही यावरूनच आला असे हौसेने सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही.

याच घराण्यातील दुसरे एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली येथे धर्मगुरू होते. राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात, १६४३ मध्ये, दारूच्या गुत्त्यांत बसतात असा ठपका ठेवून संसदेच्या पक्षाने त्यांना पदावरून काढले. आरोपात तथ्य किती आणि राजनिष्ठेची शिक्षा किती, हा प्रश्न उरतोच. घराचे उत्पन्न मात्र बुडाले. त्यांचा मुलगा जॉन व्यापारी जहाजावर चढला. तंबाखू भरून परतणारे ते जहाज १६५७ च्या सुरुवातीला पोटोमॅक नदीत रुतले आणि जॉन अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतच राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

जॉर्ज यांना स्वतःचे अपत्य नव्हते. १७९९ मध्ये त्यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते आणि त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांच्या मुक्ततेची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. एकाने मात्र इतकी वाट पाहिली नव्हती. जॉर्ज यांनी १७६३ मध्ये विकत घेतलेला, आफ्रिकेत जन्मलेला हॅरी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ मध्ये, पळून इंग्रजांना मिळाला. युद्ध हरलेल्या इंग्रजांनी १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना केलेल्या यादीत ‘हॅरी वॉशिंग्टन, वय ४३’ अशी नोंद असून तो पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा होता, असेही तेथे लिहिले आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशियामार्गे तो १७९२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनला पोहोचला आणि १८०० मध्ये तेथील वसाहत चालवणाऱ्या इंग्रज कंपनीने जमिनीवर लादलेल्या कराविरुद्धच्या उठावात सामील झाल्याबद्दल हद्दपार झाला. धन्याने इंग्रजांच्या करांविरुद्ध बंड केले म्हणून तो राष्ट्रपिता ठरला, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि ज्यांचे आडनाव आजवर कोणत्याही सरकारी कागदावर चढले नव्हते, अशा लाखो माणसांची नावे आता शाळेच्या, जनगणनेच्या, लग्नाच्या नोंदवह्यांत लिहिली जाऊ लागली. वेस्ट व्हर्जिनियातील एका शाळेत हजेरी चालू असताना बुकर नावाच्या मुलाच्या लक्षात आले, की बाकी सर्वांना निदान दोन तरी नावे आहेत. पाळी आल्यावर त्याने शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. पुढे टस्कीगी ही कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था उभारणारे हेच ते बुकर टी. वॉशिंग्टन, त्यांच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. हे आडनाव लावणारे बहुतेक कृष्णवर्णीय जॉर्ज यांच्या गुलामांचे वंशज असावेत, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. कुणी ते पूर्वीपासून आपापसांत वापरत होते, तर कुणी मुक्त झाल्यावर निवडले.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत १,६३,०३६ लोकांनी वॉशिंग्टन हे आडनाव नोंदवले. त्यांतील सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते.